जुना कॅम्पर ट्रेलर : छत उघडलं, आत हे निघालं (सातारा)

घाटवाटकर (धागाकर्ता)

मंडळी, उन्हाळ्यात ज्या ट्रेलरबद्दल इथे चौकशी केली होती, तो घेतला. जीपमागे ओढायचा, दोघं आणि एक पोर झोपेल एवढा. बाहेरून ४ मीटर लांब, २ मीटर रुंद, म्हणजे डोक्यावर ८ चौरस मीटर छत. कंपनीचा नाही, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका फॅब्रिकेटरने पहिल्या मालकाला बांधून दिलेला. चासी, ॲक्सल, पाटे, हुक सगळं ठणठणीत, कागदपत्रंही ट्रेलर म्हणून नीट. घेण्याआधी शिडी लावून छत पाहिलं होतं. वर ताजा पांढरा रंग, आत नवंकोरं पीव्हीसी सीलिंग. आता कळतंय की दोन्ही नवं का होतं.

शाहूपुरीत घराशेजारी लावून ठेवला होता. पहिल्या सरींना काही झालं नाही. मग झड लागली आणि पलंगावरच्या एलईडीच्या कड्याभोवती तांबूस वर्तुळ उमटलं. बोटाने सीलिंग दाबलं तर पट्टी लवली. कडेची बीडिंग काढून ती पट्टी सरकवली, तर ग्लासवूलचा ओला लगदा थेट मांडीवर. मग थांबायचं कशाला, सगळंच सीलिंग उतरवलं.

आत काय आहे ते वरून खाली सांगतो. सगळ्यात वर ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन तुकड्यांत. त्याखाली ६ मिमीचा साधा कमर्शियल प्लाय. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर भिजलेल्या खारीसारखे पापुद्रे सुटतात. त्याखाली एक इंची चौकोनी लोखंडी पाइपच्या आडव्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर, अगदी सरळ. ढाळ नावाला नाही. पत्र्याच्या कडा जिथे थेट लोखंडावर टेकल्यात तिथे पांढरी भुकटी झालीय, नखाने खरवडली की पत्र्याला आरपार भोक. ग्लासवूलमधून वायरी मोकळ्याच सोडल्यात, सांध्यांना नुसती इन्सुलेशन टेप. सोलर पॅनेलचे स्क्रू पत्रा आणि प्लाय भेदून लोकरीत लोंबकळतायत. पाइपला एकही लागलेला नाही.

आणि कळस म्हणजे छताचा पंखा. त्याचं भोक १४ इंचांचं. दोन पट्ट्यांमध्ये जागा दोन फुटांची. तरी पंखा बरोबर पलंगाच्या मध्यावर यावा म्हणून मधली पट्टी ग्राइंडरने कापून टाकलीय. कापलेली दोन्ही टोकं तशीच अधांतरी. प्लायवर भार, प्लाय कुजलेला, तिथे छत अंगठ्याएवढं खाली बसलंय.

प्रश्न एवढाच : वरून नीट सील करून हा पावसाळा काढता येईल, की सगळं उतरवून नव्याने बांधायचं? ऑगस्टअखेर कास फुलायच्या आत हा बाहेर काढायचा विचार होता.

भडंगप्रेमी

अरेरे. फोटो बघून पोटात गोळा आला.
आमच्या सांगलीच्या घराच्या गच्चीला मागच्या वर्षी रबरासारखं कोटिंग मारून घेतलं. दोन हात, आत जाळी. तेव्हापासून थेंब नाही. तेच मारा आणि कासला जा. एमएच ११वाले उगाच टेन्शन घेतात.

मिरजेचा बॉडीवाला

भडंगसाहेब, गच्ची जागेवर बसलेली असती. हे चाकावर हाय. प्रत्येक खड्ड्याला बॉडी पिळली जाती, कोटिंग वरचं वर फाटतं आणि तुम्हाला दिसत बी नाही.

घाटवाटकर दादा, मी बसच्या आणि टेम्पोच्या बॉड्या बांधत आलोय. तुम्हाला एकच इचारतो. एसटीचा टप कधी सपाट बघितलाय का? लहानपणापासून बघताय तुम्ही. मधी उंच, दोन्हीकडं उतार. लाल डब्बा असू दे नाहीतर नवी गाडी. ती काय शोभेला गोलाई दिलेली नसती. पाणी थांबलंच नाही तर गळंल कुठनं? ज्यानं तुमचा ट्रेलर बांधला त्यानं टप बांधलाच नाही, त्यानं झाकण ठेवलंय. झाकणाला सिलिकॉनच्या भरवशावर ठेवलं की सिलिकॉन दोन उन्हाळे काढतं, लई झालं.

वर सिलिकॉन किती थरांचं हाय ते बघा. आणि ताज्या रंगाखाली काय हाय तेही.

घाटवाटकर

बघितलं. रंग खरवडला तर खाली तीन प्रकार : पारदर्शक सिलिकॉन, त्यावर काळं काहीतरी, आणि कोपऱ्यांत एम-सीलचे गोळे. शेवटी सगळ्यावर रंग. सिलिकॉनवरचा रंग सोलतानाच निघून आला.

मिरजेचा बॉडीवाला

मग वरून सील करायचा विषय मिटला. सिलिकॉनच्या जागी दुसरं काहीच धरत नाही, पीयू (पॉलियुरेथेन सीलंट) पण नाही, रंग पण नाही. खरवडलं तरी तेलकट पडदा ऱ्हातोच. त्यात व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन असंल तर ते सुकताना आम्ल सोडतं, पत्रा आतनं खातं. धातूला न्यूट्रल वालं घ्यायचं असतं, पण दुकानात जे स्वस्त ते उचलत्यात.

स्ट्रक्चरवाली

कऱ्हाडहून लिहितेय. वालचंदची सिव्हिलवाली आहे, गाड्यांचं ज्ञान शून्य, पण सपाट छताचं दुखणं इमारतीत आणि ट्रेलरमध्ये सारखंच असतं म्हणून मध्ये पडते.

छत जरा लवलं की त्या खळग्यात पाणी साचतं. पाण्याच्या वजनाने ते आणखी लवतं, मग आणखी पाणी. एक चौरस मीटरवर १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो. तुमच्या पंख्याभोवतीचा खळगा अंगठ्याएवढा खोल आहे, म्हणजे तिथे प्रत्येक मोठ्या पावसात बादलीभर पाणी उभं राहत असणार. आणि ट्रेलर चालू लागला की ते पाणी हिंदकळतं, ब्रेक मारला की पुढच्या सांध्यावर जातं.

कापलेल्या पट्टीबद्दल : तुळई मध्ये कापली की तिची दोन टोकं कशावर तरी टेकवावी लागतात. घराच्या स्लॅबमध्ये जिन्याचं भोक ठेवतो तेव्हा भोवती चौकट करून भार शेजारच्या तुळयांवर नेतो. इथे १४ इंचांच्या भोकाभोवती चारी बाजूंनी पाइपची चौकट वेल्ड करून ती शेजारच्या दोन अखंड पट्ट्यांना जोडायला हवी होती. अर्ध्या तासाचं काम.

उन्हाचं गणित वेगळंच. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. सांगलीकडच्या एप्रिलमध्ये पहाटे पत्रा २० अंशांवर आणि दुपारी ६५ला सहज जातो. ४ मीटर लांबीत ॲल्युमिनियम ४ मिमी वाढतं, लोखंडी सांगाडा २ मिमी. मधले २ मिमी रोज कोण सोसतं? रिव्हेटची भोकं. ती हळूहळू लांबट होतात.

सज्जनगड पायथा

विका आणि मोकळे व्हा. ओएलएक्सवर रंगवलेले फोटो टाका, एखादा पुणेकर नक्की घेईल.

घाटवाटकर

मला विकताना पहिल्याने नेमकं हेच केलं. मी पुढच्याला तसं करणार नाही. उघडा फोटो टाकून विकायचा तर भंगाराचाच भाव येईल.

ओहायोत सांगलीकर

नमस्कार. मूळ विश्रामबागचा, गेली बरीच वर्षं अमेरिकेत. आमच्याकडेही एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर आहे, म्हणून दोन शब्द.

तुमच्या फॅब्रिकेटरला शिव्या घालण्याआधी ऐका : इकडे कारखान्यात बनलेल्या ट्रेलरांची गतही फार वेगळी नसते. शेजारच्या इंडियानात एल्कहार्ट म्हणून गाव आहे, देशातले बहुतेक ट्रेलर त्या परिसरातच तयार होतात. आमच्या ट्रेलरचं छत म्हणजे लाकडी वासे, त्यावर पातळ प्लाय, आणि वर चिकटवलेला रबराचा एकसंध पडदा, ईपीडीएम म्हणतात त्याला. नव्या ट्रेलरांत टीपीओ (तसाच प्लास्टिकचा पडदा) असतो. पडदा एकसंध असल्याने मधून गळत नाही. गळतं ते कडांना, पंख्याला, अँटेनाला, जिथे जिथे त्या पडद्याला भोक पाडलंय तिथे. मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं की दर काही महिन्यांनी वर चढून सांधे तपासा. लोक ते वाचत नाहीत.

आमचा पडदा सोलला तेव्हा खाली प्लायचे दोन तुकडे वाशाशिवायच मधल्या मध्ये जोडलेले निघाले. स्टेपलच्या पिना ओळीने मारलेल्या, पण वाशाच्या अर्धा इंच बाजूला. म्हणजे पूर्ण ओळ हवेत. असेंब्ली लाइनवर घड्याळ चालू असतं, पडद्याखाली काय आहे ते कुणी बघत नाही. तुमच्याकडचा पत्रा आणि आमच्याकडचं रबर, झाकायचं काम दोन्ही मस्त करतात.

एक कामाचं सांगतो. डाग जिथे आहे तिथेच गळती आहे असं धरून चालू नका. सगळं उतरवण्याआधी फुग्याची चाचणी करा.

कृष्णाकाठ

फुग्याच्या चाचणीला +१. आमच्या ट्रॅव्हलरला मीच केली होती. सगळ्या खिडक्या, सिंकचं भोक, दाराच्या फटी टेपने बंद करायच्या. एका खिडकीत पुठ्ठा लावून त्यात भोक पाडून धूळ उडवायचा ब्लोअर आत हवा फेकेल असा बसवायचा. मग बाहेरून छतावर साबणाचं पाणी शिंपडत जायचं. जिथून हवा बाहेर, तिथून पाणी आत. फेस उकळल्यासारखा दिसतो. सीलिंग उतरवलंय ते बरंच झालं, हवा थेट सांध्यापर्यंत पोचेल.

फक्त पाइपने पाणी मारून बघणार असाल तर खालून वर जा. आधी भिंतीचा सांधा, मग कड, मग छत, आणि प्रत्येक टप्प्यावर थांबा. एकदम वरून धो धो सोडलं की काहीच कळत नाही.

माहेर मेढा

वाचतेय. वाखूसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे बामणोलीच्या रस्त्याला आता असे ट्रेलर बरेच दिसतात. २०२१ला सरकारचं कॅरव्हॅन धोरण आल्यापासून प्रत्येक फॅब्रिकेटरच्या बोर्डावर कॅम्पर लिहिलेलं असतं. ज्यांनी काल गेट आणि ग्रिल केलं ते आज कॅम्पर करतायत. गेटला पाऊस लागला तरी फरक पडत नाही हो.

घाटवाटकर

अपडेट. पावसाने उघडीप दिली तेव्हा ब्लोअर लावला. आम्ही सगळे पंख्यावर डोळे लावून बसलो होतो. पंख्याभोवती एकही बुडबुडा नाही!

बुडबुडे आले ते पंख्याच्या पुढे दीड फुटावर, जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढलेत तिथे. जवळजवळ हातभर लांबीत फेस. शिवाय डाव्या कडेला छपरी अडकवायची पट्टी आहे, तिच्या स्क्रूंच्या ओळीतून बारीक बारीक. आत जाऊन टॉर्च मारला तर कळलं : सांध्यातून आलेलं पाणी पाइपच्या खालच्या अंगाने वाहत जातं, कापलेल्या टोकाशी आलं की पुढे जायला वाटच नाही, म्हणून तिथून ठिबकतं. बरोबर एलईडीवर.

आणखी एक. मागचा पत्रा पुढच्या पत्र्यावर चढवलाय. म्हणजे गाडी पावसात चालताना वारा पाणी थेट सांध्यात ढकलणार.

मिरजेचा बॉडीवाला

उलटा लॅप! कौलं कुणी उलटी चढवतं का? पुढचा पत्रा नेहमी मागच्याच्या वर. पाणी आणि वारा दोन्ही मागं जात्यात.

आता सगळं जुळतंय बघा. पट्टी कापली म्हणून छत बसलं, छत बसलं म्हणून पत्र्याला घडी पडून लॅप उघडला, आणि लॅप उलटा म्हणून पाणी आत. सील कितीबी चांगलं असतं तरी ते टिकलं नसतं. उतरवा सगळं.

स्ट्रक्चरवाली

सहमत. आणि उतरवताना भिंतींच्या वरच्या पाइपमध्ये भोक पाडून बघा, आत पाणी भरलेलं असू शकतं.

घाटवाटकर

निघालं पाणी. मागच्या डाव्या कोपऱ्यात साडेतीनचं बिट टोचलं तर चहाचा कप भरेल एवढं गंजकं पाणी.

उतरवायचं ठरलं. आता वर काय घालायचं त्यावर सल्ला द्या. तीन पर्याय डोक्यात आहेत : परत ॲल्युमिनियम, पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं), किंवा प्लायवर फायबर (काचतंतू आणि रेझिनचा थर).

मिरजेचा बॉडीवाला

पत्राच घाला. रस्त्यात कुठंबी फाटला तर कुठलाबी गॅरेजवाला रिव्हेट मारून देतो. फक्त लोखंड आणि ॲल्युमिनियम अंगाला अंग लागू द्यायचं नाही. मधी ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट सीलिंग टेप) नाहीतर रबराची पट्टी. ओल मिळाली की लोखंडाजवळचं ॲल्युमिनियम झिजत जातं, तुमची पांढरी भुकटी म्हणजे तीच. फायबरला माझा विरोध नाही, पण सांगाडा लवचिक असंल तर फायबर तडकतं. पफ पॅनेल कोल्ड स्टोरेजला झकास, पण त्याला गोलाई देता येत नाही.

कुपवाड फायबर

मी फायबरच्या टाक्या आणि शेडच्या शीटचं काम करतो. बॉडीवाले काकांचं बरोबर आहे, पण सांगाडा नवा होणारच असेल तर फायबरसारखं छत नाही. मुळात सांधाच राहत नाही. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चॉप्ड मॅट (काचतंतूंची चटई) दोन थर, आयसो रेझिन, कडा भिंतीवरून तीन इंच खाली वळवून आणायच्या. म्हणजे छत आणि भिंतीचा सांधाच झाकला जातो. वजनाला मॅटच्या अडीच पट रेझिन धरा.

दोन गोष्टी पाळा. प्लाय पूर्ण कोरडा पाहिजे आणि हवा दमट असताना रेझिन ओतायचं नाही, नाहीतर चिकट राहतं, नंतर सोलतं. आणि घरी करणार असाल तर रेझिन घट्ट करणारे कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट कधीही थेट एकमेकांत टाकू नका. भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळून घ्यायचा, मग शेवटी कॅटॅलिस्ट.

स्ट्रक्चरवाली

वजनाचा हिशेब मांडते. ९ मिमी मरीन प्लाय साधारण ६ किलो प्रति चौरस मीटर, ८ चौरस मीटरचे ४८. फायबरचे दोन थर तीन-सव्वातीन किलोच्या हिशेबाने २५. एकूण ७३ किलोच्या आसपास. ६ मिमी प्लाय आणि १.२ मिमी ॲल्युमिनियम केलं तर ३२ आणि २६, म्हणजे ५८. फरक १५ किलोंचा. सगळ्यात उंचावरचं वजन आहे, वळणावर जाणवतं, पण ओलं ग्लासवूल काढल्यावर तुम्ही तेवढं आधीच कमी केलेलं असेल.

प्लाय घेताना शिक्का बघा. आयएस ७१० म्हणजे मरीन. आयएस ३०३ वेगळा, तो घराच्या फर्निचरचा. दुकानदार 'वॉटरप्रूफच आहे' म्हणतील, शिक्का बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

भडंगप्रेमी

माझं कोटिंग कुणीच मनावर घेतलं नाही. 😀

घाटवाटकर

झालं एकदाचं. जुन्या एमआयडीसीत ओळखीच्या फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये जागा मिळाली, फायबरचं काम करणारा माणूस कुपवाडहून आला. सगळं सविस्तर लिहितो, कुणाला उपयोग होईल.

जुनं छत भिंतीच्या वरच्या चौकटीपर्यंत कापून काढलं. चौकटीचा गंज ग्राइंडरने साफ, मागचा डावा कोपरा फूटभर कापून नवा पाइप जोडला. नव्या आडव्या पट्ट्या २५ बाय २५चा, १६ गेजचा चौकोनी पाइप, पण आता कमानी. फॅब्रिकेटर म्हणाला बेंडिंगला बाहेर पाठवायला नको. त्याने पाइपच्या खालच्या अंगाला ठरावीक अंतरावर करवतीने काप दिले, जमिनीवर खडूने आखलेल्या गोलाईवर पाइप ठेवून दाबला आणि काप वेल्डने बुजवले. मधला उंचवटा ४० मिमी. पहिल्या कमानीला वेळ लागला, मग तीच साचा म्हणून वापरली. पंख्यासाठी चारी बाजूंनी चौकट, दोन्हीकडच्या कमानींना जोडलेली; आणि पंखा सहा इंच मागे सरकवला, त्यामुळे एकही कमान कापावी लागली नाही. झोपल्यावर तो बरोबर डोक्यावर नाही याचं बायकोला काहीही वाटलेलं नाही.

वेल्डवर झिंक प्रायमर दोन हात. प्लायचे सांधे प्रत्येक ठिकाणी कमानीवरच येतील असं कापलं, वाया थोडा जास्त गेला. प्लायच्या कापलेल्या कडांना आधी नुसतं रेझिन पाजलं, कारण पाणी नेहमी कडेतून शिरतं. फायबरसाठी मात्र कोरडी हवा मिळेपर्यंत थांबावं लागलं. प्लायवर ताडपत्री, खाली दोन हॅलोजन रात्रंदिवस. माणूस हायग्रोमीटर घेऊन आला होता, आकडा बघून दोनदा परत चहाला गेला.

पंख्याच्या भोकाभोवती इंचभर उंच कठडा फायबरमध्येच उचलून घेतला. पंख्याच्या फ्लँजखाली ब्यूटाइल टेप, मग स्टेनलेसचे स्क्रू, मग वरून पीयू. सिलिकॉनची ट्यूब शेडमध्ये आणायलाच बंदी केली होती. सोलरसाठी छताला भोक पाडलंच नाही. जीपच्या कॅरियरसारख्या दोन आडव्या दांड्या, भिंतीच्या वरच्या चौकटीला बाजूने बोल्ट केलेल्या, त्यावर पॅनेल. वायर मागच्या भिंतीतून ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) लावून आत, आणि आत शिरण्याआधी ती खाली लोंबती ठेवलीय म्हणजे पाणी वायरीवरून चालत आत न येता खालीच गळेल.

आत ग्लासवूल नाही. २५ मिमी एक्सपीएस (कडक फोम) शीट कमानींच्या मध्ये घट्ट बसवून. वायरी कंड्युटमध्ये, सांधे फक्त डबीत. सीलिंग तेच जुनं पीव्हीसी, पण यावेळी चार ठिकाणी ते स्क्रू खोलून बघता येईल असं ठेवलंय.

खर्च मजुरी धरून पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात गेला. शेड फुकट मिळाली, नाहीतर वाढला असता.

मिरजेचा बॉडीवाला

नाद खुळा काम! काप देऊन कमान करायची पद्धत जुन्या मिस्त्र्यांची. तेवढं कापाच्या आत पण प्रायमर गेला का बघा, तिथनं गंज धरतो.

घाटवाटकर

वेल्डच्या आधी नाही लावता आला, काका. नंतर पाइपच्या टोकातून पातळ केलेलं रेड ऑक्साइड ओतून, कमान फिरवून फिरवून निथळवलं.

मिरजेचा बॉडीवाला

मग जमलं.

कृष्णाकाठ

परत ब्लोअर लावला का?

घाटवाटकर

लावला. छतावर काहीच नाही. उजव्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात मात्र बुडबुडे आले, म्हणजे आता खिडकी काढायचीय. तापोळ्याला दोन रात्री काढल्या, बाहेर कोसळत होतं. महाबळेश्वरच्या बाजूचा पाऊस, वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या वर पडतो तिकडे. छत कोरडं, खिडकीखालची उशी ओली.

माहेर मेढा

फायबरवर पावसाचा आवाज कसा येतो? आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये बोलणंही ऐकू येत नाही.

घाटवाटकर

पत्र्यापेक्षा पुष्कळ कमी, ताई. प्लाय आणि एक्सपीएस आवाज दाबतात. झाडाखाली लावला की थेंब मोठे पडतात तेव्हा टपटप येतं.

द्राक्षबाग

उशिरा आलोय धाग्यावर. तासगावात एक ट्रेलर बघून ठेवलाय, पाच वर्षं जुना, मालक म्हणतो एकदाही गळला नाही. आमच्याकडं पाऊस वर्षाला सहाशे मिमीच्या आसपास, त्यामुळे खरं पण असेल. घेताना छताचं काय बघू? उघडू तर देणार नाही तो.

मिरजेचा बॉडीवाला

न उघडता पण बरंच कळतं. आधी ट्रेलरपासनं दहा पावलं लांब जाऊन मागनं बघा, छताची रेघ मधी वर हाय का सरळ. मग दोन माणसांनी दोन कडेला दोरी ताणून धरायची आणि पंख्यापाशी दोरीखाली किती फट ऱ्हाती ते बघायचं. मधी उंचवटा असंल तर दोरी तिथं टेकणार. फट दिसली की छत बसलंय.

वर चढला तर बोटाच्या पेरानं टकटक करत जा, कमानीवर भरीव आवाज, मधी पोकळ. जिथं मऊ, बद्द आवाज येईल तिथं प्लाय गेला. नवा रंग दिसला तर मालकाला रंग का मारला इचारा, आणि त्याच्या तोंडाकडं बघा.

आत कपाटांची दारं उघडून वरचे कोपरे बघा. विकणारा सीलिंग बदलतो, पण कपाटाच्या आतला कोपरा रंगवायचा विसरतो.

स्ट्रक्चरवाली

ओलावा मोजायचं दोन पिनांचं मीटर ऑनलाइन हजार-दीड हजारात मिळतं. कपाटातल्या प्लायला टोचायचं. १५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. २०च्या वर म्हणजे तिथे ओल मुरलेली आहे, आणि ती टिकली की लाकूड कुजतंच. उन्हाळ्यात घेत असाल तर आकडा फसवा येईल, सगळंच वाळलेलं असतं; तेव्हा आदल्या दिवशी तासभर छतावर पाणी मारायची परवानगी मागा.

द्राक्षबाग

आणि नाही दिली तर?

मिरजेचा बॉडीवाला

तर नव्या छताचे पस्तीस-चाळीस हजार भावातनं कापून बोला.